मैदान नाकारलेल्यांचा प्रशिक्षक

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, माल्कम एक्स आठवतात. क्लीव्हलँड ॲबट हे नाव मात्र आपल्या फारच थोड्या कार्यकर्त्यांनी ऐकले असेल. त्यांनी सभा गाजवल्या नाहीत. ते अलाबामा राज्यातील टस्कीगी संस्थेत खेळाचे प्रशिक्षक होते. तरीही विषमतेच्या भिंतीवरून आपल्या मुलींना उडी मारायला शिकवणारा हा माणूस आपण समजून घेतला पाहिजे.

ॲबट दक्षिण डाकोटा राज्यात वाढले. तेथील राज्य महाविद्यालयातून 1916 साली ते पदवीधर झाले. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तोच हा काळ. गोऱ्यांच्या त्या महाविद्यालयात ॲबट फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि धावणे-उड्या अशा चारही प्रकारांत चमकले. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात अधिकारी होते. असा माणूस उत्तरेत कुठेतरी स्वतःपुरते सुखाचे आयुष्य जगू शकला असता. पण 1923 साली त्यांनी टस्कीगीच्या खेळ विभागाची सूत्रे घेतली आणि मरेपर्यंत, म्हणजे 32 वर्षे, ती सांभाळली.

टस्कीगी कुठे होते, हे ध्यानात घ्या. दक्षिणेत शाळा, बस, हॉटेल, दवाखाना, पाण्याचा नळ, सगळे काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1896 साली प्लेसी खटल्यात या वेगळेपणाला कायद्याची मान्यता दिली होती. सोयी समान असल्या म्हणजे वेगळे ठेवायला हरकत नाही, असा तो निवाडा. वेगळे ठेवणे काटेकोरपणे अमलात आले, समानता मात्र कागदावरच राहिली. आम्हा वकिलांना हा अनुभव नवा नाही.

1927 साली ॲबट यांनी टस्कीगी रिले ही मैदानी स्पर्धा सुरू केली. इकडे महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेच हे साल. तळे असो की मैदान, प्रश्न सार्वजनिक जागेवरील हक्काचाच होता. दोन वर्षांनी ॲबट यांनी या स्पर्धेत मुलींनाही आणले. धावणे-उड्या मारणे मुलींना शोभत नाही असे मानणारा तो जमाना. पण 1937 साली टस्कीगीच्या मुलींनी राष्ट्रीय सांघिक विजेतेपद पटकावले आणि 1948 पर्यंतच्या 12 वर्षांत ते 11 वेळा जिंकले.

याच संघात 1939 साली ॲलिस कोचमन ही 16 वर्षांची मुलगी आली. जॉर्जियातील ऑल्बनी या तिच्या गावी सार्वजनिक मैदाने काळ्यांना बंद होती. ती मातीच्या रस्त्यावर अनवाणी धावे आणि दोरी बांधून उड्या मारी. टस्कीगीत तिला शिष्यवृत्ती मिळाली, पण ती फुकट नव्हती. खेळाच्या जागा झाडणे, खेळाडूंचे कपडे शिवून देणे ही कामे करून तिने सराव केला. उंच उडीत ती सलग 10 वर्षे राष्ट्रीय विजेती राहिली. महायुद्धामुळे 1940 आणि 1944 चे ऑलिम्पिक झाले नाही, तिची उमेदीची वर्षे त्यातच गेली. अखेर 1948 साली लंडनला 1.68 मीटर उडी मारून तिने सुवर्णपदक जिंकले. ऑलिम्पिकचे सुवर्ण मिळवणारी ती जगातील पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तोवर ती ऑल्बनीच्या महाविद्यालयात गेली होती, पण घडली होती टस्कीगीच्याच मैदानावर.

गावी परतल्यावर तिची मिरवणूक निघाली. पण सत्काराच्या सभागृहात काळे एका बाजूला आणि गोरे दुसऱ्या बाजूला बसले होते. महापौरांनी तिच्याशी हस्तांदोलनही केले नाही. जगज्जेतीला बाजूच्या दाराने बाहेर पडावे लागले. पदकाने गुणवत्ता सिद्ध होते, व्यवस्था बदलत नाही. त्यासाठी संघटना, न्यायालय आणि रस्त्यावरची लढाई लागते. शाळांमधील वेगळेपण 1954 साली न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. टस्कीगीजवळच्या माँटगोमेरीत 1955 च्या डिसेंबरात बसवरील बहिष्कार सुरू झाला. तो पाहायला ॲबट नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले होते.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. त्यांची विद्यार्थिनी मिल्ड्रेड मॅकडॅनियल हिने 1956 साली मेलबर्नला उंच उडीत 1.76 मीटरचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकले. त्या वेळी अमेरिकेच्या महिला संघाची प्रशिक्षक होती नेल जॅक्सन. तीही टस्कीगीचीच.

आपल्या वस्त्यांतील मुलीही अनवाणी धावतात. शाळेच्या स्पर्धेत पहिल्या येतात आणि दहावीनंतर दिसेनाशा होतात. त्यांच्या पायांत बळ कमी नाही. त्यांना मैदान नाही, पोटभर आहार नाही, हाताशी प्रशिक्षक नाही. आपल्यातून विद्यापीठ पातळीवर खेळलेले, खेळाडू म्हणून नोकरीला लागलेले कितीतरी जण आहेत. जयंतीला वर्गणी दिली की समाजाचे ऋण फिटले, असे त्यांनी समजू नये. आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीतल्या मुलींना घेऊन मैदानावर उतरावे. मैदान नसेल तर ते मागायला नगरपालिकेच्या दारात उभे राहावे. अर्ज लिहून द्यायला आम्ही वकील आहोतच.