मीराबेन आणि मातीची भिंत

ब्रिटिश आरमारातील ॲडमिरलची कन्या मॅडलिन स्लेड (१८९२-१९८२) रोमाँ रोलाँ यांच्यामुळे गांधीविचाराकडे वळल्या आणि नोव्हेंबर १९२५मध्ये साबरमती आश्रमात दाखल होऊन मीराबेन झाल्या. १९३६च्या सुमारास वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजेच नंतरच्या सेवाग्रामात, त्यांनी माती-बांबूची झोपडी उभारली. तीच पुढे बापूकुटी म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या भिंतीवर त्यांनी ताडाची झाडे मातीत उठावाने साकारली.

अशा भिंतीचा खरा शत्रू ओल. जमिनीतून चढणारी ओल उंच जोते अडवते, पावसाचा मारा भिंतीबाहेर आलेले छप्पर झेलते आणि उरलेली झीज सारवणाने भरून निघते. वरून सिमेंटचा गिलावा केल्यास मात्र आत शिरलेली ओल कोंडते व बांबू कुजतो. शहापूर-मुरबाडमधील कारवीच्या कुडालाही हाच नियम लागू आहे. तेथे पाऊस वर्ध्याच्या दुपटीच्या घरात असल्याने हयगय परवडत नाही.

१९५९मध्ये मीराबेन यांनी भारत सोडला. २० जुलै १९८२ रोजी ऑस्ट्रियात त्यांचे निधन झाले. बापूकुटी आजही उभी आहे, ती सातत्याने राखलेल्या निगेमुळे. शहापूर-मुरबाडमध्ये कुडाच्या जागी विटा-सिमेंट येत असताना, भिंत सारवणाऱ्या हातांचे हे ज्ञानही मागे पडत आहे.