इंडेक्स लावणारा माणूस: ज्ञानकोशकार केतकर

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा, काम डेटाबेसचं. मागच्या पेरणीच्या दिवसांत आमच्या भागातल्या काही कृषी केंद्रांचं बिलिंग ॲप मी सांभाळत होतो. शेतकऱ्याचं जुनं बिल शोधायला सात-आठ सेकंद लागायचे. काउंटरवर ही रांग, आणि एकदा त्या रांगेत माझे बाबाच उभे! रात्री क्वेरीवर एक्सप्लेन चालवलं तेव्हा कळलं की एका बिलासाठी डेटाबेस ४० लाख ओळी पहिल्यापासून वाचतोय. चूक माझीच. मी इंडेक्स लावलाच नव्हता.

इंडेक्स म्हणजे काय, हे बाबांना सांगताना मी एका जुन्या माणसाची गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगतो.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ चा, रायपूरचा. शाळा मात्र आपल्या शेजारच्या अमरावतीत. पुढचं शिक्षण मुंबईत, आणि १९०६ मध्ये थेट अमेरिका. भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावर काम करून त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. परतताना लंडनला एडिथ कोहन या ज्यू तरुणीशी ओळख झाली. १९१२ मध्ये ते भारतात आले, काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवलं. पुढे एडिथही इकडे आल्या, लग्न झालं आणि त्या शीलवती केतकर झाल्या.

एवढा शिकलेला माणूस निवांत नोकरी करू शकला असता. पण जगाचं ज्ञान मराठी माणसाला मराठीतच सापडलं पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यासाठी १९१६ च्या सुमारास त्यांनी नागपुरात कंपनी काढली, शेअर विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवले. नंतर काम पुण्याला हललं. त्यातून उभा राहिला महाराष्ट्रीय ज्ञानकोश. एकूण २३ खंड, बहुतेक सगळे १९२० च्या दशकात छापलेले.

आता त्याची रचना बघा, कारण आपला इंडेक्स तिथेच आहे. पहिले पाच खंड विषयवार: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. पुढचे खंड अकारविल्हे. आणि शेवटाकडे एक अख्खा खंड फक्त सूचीचा!

अकारविल्हे खंडात कापूस शोधायचा असेल तर तुम्ही सरळ ‘क’ उघडता. पण विषयवार खंडात एखादं नाव नेमकं कुठे आलंय, हे कसं कळणार? एकतर पाचही खंड चाळा, नाहीतर सूची बघा. पानं चाळणं म्हणजे फुल टेबल स्कॅन आणि सूची म्हणजे इंडेक्स: क्रमाने लावलेली छोटी यादी, जी फक्त मूळ ओळीचा पत्ता सांगते. बी-ट्री इंडेक्स असेल तर ४० लाख ओळींतून हवी ती ओळ तीन-चार टप्प्यांत सापडते.

सूचीच्या मर्यादाही इंडेक्सला तशाच लागू होतात. शब्दाची शेवटची अक्षरंच माहीत असतील तर अकारविल्हे यादीचा उपयोग नाही, पुन्हा सगळं चाळा. म्हणूनच लाइकमध्ये सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह टाकलं की साधा इंडेक्स कामी येत नाही. यादी आडनावाने लावली असेल आणि तुम्ही फक्त नावाने शोधलंत, तरी तीच अडचण. त्यामुळे दोन कॉलमचा इंडेक्स करताना कोणता कॉलम आधी, हे विचार करून ठरवा. मी केंद्राचा क्रमांक आणि मोबाइल नंबर असा इंडेक्स लावला. बिल काही मिलिसेकंदांत यायला लागलं.

पण हे फुकट मिळत नाही. प्रत्येक नव्या ओळीबरोबर इंडेक्समध्येही नोंद करावी लागते. लिहिणं थोडं जड होतं, जागाही जाते. शोधणाऱ्याचा वेळ वाचवायचा तर कुणीतरी आधीच खपावं लागतं.

केतकर तसे खपले. एकीकडे ज्ञानकोश, दुसरीकडे ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘ब्राह्मणकन्या’ यांसारख्या कादंबऱ्या. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मान मिळाला, पैसा मात्र हाती राहिला नाही. शेवटची वर्षं ओढगस्तीत गेली आणि १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात ते वारले. वय अवघं ५३.

त्यांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने आता इंटरनेटवर आणलाय. बाबांना मी माझ्या फोनवर तो उघडून दिला. ते बराच वेळ वाचत बसले होते.

तुम्ही मात्र आज एक काम करा. तुमच्या ॲपमधली सगळ्यात हळू क्वेरी निवडा आणि तिच्यावर एक्सप्लेन चालवा. एक्सप्लेन ॲनलाइज वापरणार असाल तर जपून, कारण त्यात क्वेरी खरोखर चालते. डिलीट किंवा अपडेटवर चालवलंत तर डेटा बदलेल! मोठ्या टेबलातून एकच ओळ हवी असताना फुल स्कॅन दिसला, तर समजा की सूचीचा खंड लिहायचा राहिलाय.