धुरातली ताकद ओळखणारा इंजिनिअर : आल्फ्रेड ब्यूखी

रस्त्यात एखादी डिझेल गाडी निळा धूर सोडत गेली, की टर्बो गेला असा निकाल लगेच देणारे एक-दोन तज्ज्ञ हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये सापडतात. पण हा टर्बोचार्जर शोधला कोणी, असं विचारलं तर व्हायव्हाला बसल्यासारखी शांतता पसरते! त्या माणसाचं नाव आल्फ्रेड ब्यूखी. डिझेल आणि ऑटो यांच्या शेजारी बसण्याची त्याची योग्यता आहे.

ब्यूखीचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूर गावी झाला. हे गाव म्हणजे कारखान्यांचं गाव. त्याचे वडील तिथल्या सुल्झर या मोठ्या कंपनीत वरच्या पदावर होते, त्यामुळे यंत्रांचा आवाज लहानपणापासूनच कानावर. १८९९ मध्ये त्याने झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला प्रवेश घेतला आणि १९०३ मध्ये पदवी मिळवली. पुढे काही काळ बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरी केली.

या काळात एक गोष्ट त्याला स्वस्थ बसू देईना. इंजिनमध्ये जाळलेल्या इंधनाची साधारण एक तृतीयांश ऊर्जा गरम धुराबरोबर सरळ बाहेर निघून जाते. म्हणजे मेसचं बिल पूर्ण भरायचं आणि एक तृतीयांश ताट रोज टाकून द्यायचं! ब्यूखीने विचार केला, की या धुरावर टर्बाइन फिरवू, टर्बाइनने कॉम्प्रेसर फिरवू आणि कॉम्प्रेसरने इंजिनला जास्त हवा पाजू. हवा जास्त, तर इंधनही जास्त जाळता येईल आणि त्याच इंजिनातून जास्त ताकद मिळेल. १६ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याने या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा तो फक्त २६ वर्षांचा होता.

इथेच गोष्ट सुखाने संपली असती तर किती बरं झालं असतं. पण कागदावरचं यंत्र आणि टेस्ट बेडवरचं यंत्र यात फार अंतर असतं, हे आपल्याला प्रोजेक्टच्या वेळी कळतंच. त्या काळचे कॉम्प्रेसर आणि टर्बाइन कार्यक्षमतेत कमी पडत होते, आणि सतत गरम धुरात टिकतील असे धातूही नव्हते. सुल्झरमध्ये त्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले. १९१५ मध्ये एक नमुना तयार झाला, पण तो भरवशाने चालेना. कल्पनाच चुकीची आहे, असं म्हणून कोणीही फाइल बंद केली असती. आपण एका केटीने खचतो, या माणसाची गाडी पेटंटनंतर २० वर्षं अडली होती.

ब्यूखीचा मोठेपणा मला इथे दिसतो. त्याने टर्बोला दोष देऊन काम सोडलं नाही, तर टर्बोच्या आधीच्या वाटेकडे पाहिलं. सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच पाइपात सोडला, तर एका सिलिंडरचा दाब दुसऱ्याला रिकामं होऊ देत नाही. म्हणून त्याने पाइप वेगळे केले. ज्यांचे धुराचे झटके एकमेकांना आडवे येत नाहीत, अशा सिलिंडरांनाच एका पाइपात जोडलं. शिवाय इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे ठेवले, म्हणजे ताजी हवा उरलासुरला धूर झाडून काढेल. ही पल्स पद्धत. तिचं पेटंट १९२५ चं. लवकरच प्रॉयसेन आणि हान्सेश्टाट डांत्सिग या दोन जर्मन जहाजांच्या इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० हॉर्सपॉवरवर गेली. इंजिन त्याच मापाचं, ताकद ४० टक्क्यांहून जास्त! मग मात्र कंपन्या त्याच्याकडे वळल्या.

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरटूरमध्येच ब्यूखीचं निधन झालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या टर्बोवाल्या गाड्या बाजारात आल्या. ते बघायला तो नव्हता.

आज गॅरेजमध्ये टर्बोतून ऑइल गळतंय म्हणून गाडी येते, तेव्हा ब्यूखीची हीच नजर लागते. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्याला रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात आणि ऑइल आत राहतं ते मुख्यतः दाबाच्या समतोलावर. वापरलेलं ऑइल स्वतःच्या वजनाने खालच्या जाड पाइपातून संपमध्ये उतरतं. हा पाइप चोंदला, दबला, किंवा ब्रीदर तुंबून क्रँककेसमध्ये दाब वाढला, की ऑइलला खाली जायला वाट राहत नाही आणि ते सीलमधून बाहेर येतं. एअर फिल्टर घाणीने भरला असेल तर कॉम्प्रेसरच्या बाजूने ऑइल ओढलं जातं. यात टर्बो बिचारा निर्दोष! नवा बसवला तरी काही दिवसांत तोही गळणार.

म्हणून आधी सगळं स्वच्छ पुसावं, इंजिन चालवावं आणि सर्वात वर ओलं कुठे होतंय ते पाहावं, कारण ऑइल खाली ओघळतं आणि फसवतं. मग ऑइलची पातळी, ब्रीदर, परतीचा पाइप आणि फिल्टर तपासावा. शाफ्ट हलवून बघणं त्यानंतर. तो बाजूला किंचित हलला तर घाबरायचं कारण नाही, ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण चाक घराला घासत असेल तर टर्बो खरंच गेला.

जिथे डाग दिसतो तिथेच दोष असतो असं नाही. ब्यूखीने हे ओळखायला २० वर्षं दिली, म्हणून आज टर्बो घराघरातल्या गाडीत आहे. पुढच्या वेळी विंगमध्ये कोणी निळा धूर बघून निकाल दिला, तर त्याला एवढंच विचारा : ऑइलचा परतीचा पाइप बघितलास का?