रामानुजन यांची थंडी

दरवर्षी २२ डिसेंबरला आपल्या महाविद्यालयात गणित दिन साजरा होतो. श्रीनिवास रामानुजन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, फळ्यावर रंगीत खडूने १७२९ ही संख्या लिहिली जाते आणि मराठीत व कानडीत भाषणे होतात. गणिताचा प्राध्यापक म्हणून त्यांतली काही भाषणे मीच केली आहेत. आज मात्र मला त्यांच्या अलौकिक बुद्धिमत्तेविषयी लिहायचे नाही. घरापासून हजारो मैल दूर राहून संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याविषयी लिहायचे आहे. आपल्याकडूनही दरवर्षी काही मुले-मुली एम.एस्सी. होऊन संशोधनासाठी बाहेर पडतात, म्हणून हा खटाटोप.

रामानुजन यांचा जन्म १८८७ साली इरोडला झाला. बालपण गेले कुंभकोणमला. गणितापुढे त्यांना इतर विषय सुचत नसत. त्यामुळे कॉलेजची शिष्यवृत्ती गेली आणि पुढे मद्रासला जाऊनही ते एफ.ए.च्या परीक्षेत नापास झाले. पदवी नाही, नोकरी नाही, घरची गरिबी, अशा अवस्थेत ते वह्या काखेत मारून लोकांच्या दारी हिंडत होते. पण ती दारे सगळीच बंद नव्हती. रामचंद्र राव यांनी काही काळ दरमहा २५ रुपये दिले. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर कारकुनी मिळाली, तर तिथले वरिष्ठ नारायण अय्यर संध्याकाळी पाटी घेऊन त्यांच्याबरोबर गणित करीत बसत.

जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले. त्यानंतर मद्रास विद्यापीठाने दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली, आणि मार्च १९१४ मध्ये ते बोटीत बसले. वय सव्वीस. पत्नी जानकी मागेच राहिली.

केंब्रिजला पहिल्यांदाच त्यांचे गणित पूर्णपणे समजू शकणारी माणसे भेटली. हार्डींशी रोज चर्चा होई. १९१६ साली संशोधनावर बी.ए. पदवी मिळाली. एखादी संख्या लहान संख्यांच्या बेरजेत किती प्रकारे मांडता येते, हा प्रश्न दोघांनी मिळून हाती घेतला. ४ ही संख्या ५ प्रकारे मांडता येते. १०० ही मात्र १९ कोटी ५ लाख ६९ हजार २९२ प्रकारे! हे प्रकार न मोजता सांगणारे सूत्र त्यांनी १९१८ साली प्रसिद्ध केले. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांची अशी जोडी गणिताच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच केंब्रिजमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस शिकत होते. थंडीच्या दिवसांत ते एकदा रामानुजन यांच्या खोलीवर गेले, तेव्हा कळले की रामानुजन रात्री ओव्हरकोट घालून, शाल गुंडाळून झोपतात आणि तरीही कुडकुडतात. महालनोबिस यांनी पलंग पाहिला. ब्लँकेटे भरपूर होती, पण गादीखाली नीट खोचलेली. ती सैल करून त्यांच्या आत शिरायचे असते, हे रामानुजन यांना कुणी सांगितलेच नव्हते आणि त्यांनीही कुणाला विचारले नव्हते.

बाकी साऱ्या गोष्टींचेही थोडेफार असेच होते. ते कट्टर शाकाहारी; कॉलेजच्या भोजनगृहात जात नसत, खोलीवर स्वतः रांधून घेत. काम अंगात आले की तेही राहून जाई. त्यात महायुद्ध सुरू झाले. लिटलवूड यांच्यासारखे स्नेही युद्धकार्यावर गेले, भाजीपाला महागला, टपाल लांबले. घरी सासूसुनेचे पटत नव्हते. जानकींची पत्रे मधल्यामध्ये अडवली जात. १९१७ च्या वसंतात ते आजारी पडले आणि मग एका आरोग्यधामातून दुसऱ्या आरोग्यधामात हलत राहिले. त्याच वर्षी ट्रिनिटीची फेलोशिप हुकली. १९१८ च्या सुरुवातीस लंडनमध्ये त्यांनी भुयारी रेल्वेच्या रुळांवर उडी घेतली. गाडी वेळेत थांबली म्हणून ते वाचले. हार्डी पोलिसांकडे धावले आणि प्रकरण मिटले.

हार्डींना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्यांनी डॉक्टर गाठले, आरोग्यधामांच्या वाऱ्या केल्या, रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी खटपट केली. १९१८ साली तो मान मिळाला, फेलोशिपही मिळाली, आणि रामानुजन यांना पुन्हा उभारी आली. पण दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी विचारणे हार्डींच्या समाजात असभ्यपणाचे, आणि गुरूला आपली गाऱ्हाणी सांगणे रामानुजन यांच्या संस्कारात बसणारे नव्हते. दोघांच्या सभ्यपणात एक माणूस थंडीत राहिला.

१९१९ साली ते मद्रासला परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी बत्तिसाव्या वर्षी वारले. त्या काळी क्षय समजून उपचार झाले. १९९४ साली एका अभ्यासकाने जुनी कागदपत्रे तपासून तो आमांशातून उद्भवलेला यकृताचा विकार असावा, असे मत मांडले. तसे असेल, तर तो वेळीच ओळखला गेला असता तर बराही होण्याजोगा होता.

हे लिहिताना मला माझे दिवस आठवतात. मी संशोधन करीत असताना वसतिगृहात मला कावीळ झाली. तीन आठवडे मी कुणालाच बोललो नाही. काम मागे पडेल ही भीती! शेवटी खोलीतल्या सोबत्याने दंडाला धरून दवाखान्यात नेले. इतके सोसूनही मी काही शिकलो, असे नाही. पुढे माझी एक हुशार विद्यार्थिनी संशोधनाला गेली. सुटीत भेटायला आली की तासन् तास मी तिच्या प्रबंधावर बोलत असे. तिसऱ्या वर्षी ती सारे सोडून परत आली, तेव्हा कळले की वर्षभर तिला धड झोप नव्हती. तिचा उतरलेला चेहरा मी पाहिला होता. विचारले मात्र नव्हते.

तेव्हा संशोधनाला निघणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, नवीन गावी पोचल्यावर ग्रंथालयाआधी खानावळ आणि दवाखाना शोधा. खोलीची किल्ली आणि मनातली गोष्ट, दोन्ही ज्याच्याजवळ ठेवता येईल असा एक तरी सोबती जोडा. घरी पत्र लिहा, फोन करा, पण खरे सांगा. आणि सहकारी प्राध्यापकहो, आपल्या विद्यार्थ्याला प्रबंध कुठवर आला हे विचारण्याआधी तो जेवतो कुठे, हे विचारू या.

जानेवारी १९१९ मध्ये परतीच्या तयारीत असताना रामानुजन यांनी मद्रास विद्यापीठाला एक पत्र पाठवले. आपल्याला मिळणाऱ्या २५० पौंडांतून ५० पौंड आईवडिलांना द्यावेत आणि जरुरीचा खर्च भागवून उरेल ते गरीब मुलांच्या फीसाठी व पुस्तकांसाठी वापरावे, अशी विनंती त्यात होती. स्वतःसाठी काही मागण्याची सवय नसलेल्या माणसाला इतरांची गरज मात्र पक्की ठाऊक होती. येत्या २२ डिसेंबरला फळ्यावर १७२९ लिहाल, तेव्हा हेही कुणीतरी सांगावे, एवढीच अपेक्षा.