मूठभर धान्यावर उभी राहिलेली शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील

बारामती/इंदापूर : भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा (ता. हातकणंगले). स्वतःचं शिक्षण मॅट्रिकच्या आतच थांबलं. पुढं ओगले, किर्लोस्करांचा माल विकत ते गावोगाव हिंडले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची. पैशाची मात्र कायम ओढाताण. पोरं उपाशी राहू नयेत म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या.

अण्णांनी गावाकडं देणगी मागितली ती मुठीनं. घरातल्या बाईनं रोज एक मूठ धान्य शाळेसाठी बाजूला काढायचं. मूठ लहान, पण ज्या घरातली ज्वारी शाळेत गेली, त्या घराला शाळा आपली वाटू लागली. ‘कमवा आणि शिका’मुळं पोरांच्या हातालाही काम मिळालं. १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णा गेले.

आज शाळेला धान्य नको, आई-बापाचा वेळ पाहिजे. पालकसभेचा नुसता मेसेज टाकून भागत नाही. उसाच्या पट्ट्यात दिवसभर रानात असलेल्या माणसाला गाठायचं, तर गुरुजींनी संध्याकाळी वस्तीवर, तोडकऱ्यांच्या कोपीवर जावं. आणि आपण पालकांनीही रोज रात्री पोराची वही एकदा उघडून बघावी. वाचता येत नसलं तरी चालेल, आज काय शिकलास एवढं विचारावं. आपली मूठ तीच.