न केलेली बेरीज

वैद्यकातल्या थोरांपैकी मला सर्वांत जवळचे वाटतात ते डॉ. आर्ची कॉक्रन. त्यांच्या नावावर एकही औषध नाही. औषधाने खरोखर गुण येतो का, एवढेच ते जन्मभर विचारत राहिले.

१९०९ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले कॉक्रन १९४१ मध्ये क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडले. सालोनिकाच्या छावणीत तेच कैद्यांचे डॉक्टर. उपासमारीने कैद्यांचे पाय सुजत. त्यांनी वीस रुग्ण दोन खोल्यांत ठेवले. एका खोलीला यीस्ट दिले, दुसरीला क जीवनसत्त्व. चारच दिवसांत यीस्ट घेणाऱ्यांना उतार पडला. तो पुरावा पाहून जर्मनांनी यीस्ट पुरवले.

युद्धानंतर वेल्समधल्या खाणकामगारांच्या फुप्फुसांचे विकार त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यासले. १९७९ मध्ये त्यांनी आपल्याच व्यवसायाला खडे बोल सुनावले. चाचण्या ढीगभर होतात, पण सगळ्या एकत्र तपासून निष्कर्ष कोणी काढत नाही, ही त्यांची तक्रार. प्रसूतिशास्त्राला तर त्यांनी शेवटचा नंबर दिला.

एकट्या लहान चाचणीचा निकाल योगायोगानेही लागू शकतो. म्हणून आधी प्रश्न ठरवायचा, त्यावरच्या सर्व चाचण्या शोधायच्या, गैरसोयीच्याही. त्यांचा कस तपासायचा आणि मगच बेरीज मांडायची. यालाच पद्धतशीर आढावा म्हणतात.

ही बेरीज न केल्याची किंमत कोणी मोजली? अपुऱ्या दिवसांच्या बाळांनी. मुदतीआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडचे स्वस्त इंजेक्शन दिल्यास बाळ वाचण्याची शक्यता वाढते, असे दाखवणारी न्यूझीलंडमधली चाचणी १९७२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. पुढे आणखीही चाचण्या झाल्या. पण त्या एकत्र मांडणारा आढावा छापून यायला १९८९ उजाडले. तोवर बहुतेक डॉक्टरांना या उपचाराचे मोल उमगलेच नव्हते. हजारो बाळे हकनाक गेली असावीत.

प्रसूतिशास्त्रातल्या या आढाव्यांचे काम कॉक्रन यांनी १९८७ मध्ये मनापासून वाखाणले. १९८८ मध्ये ते गेले. १९९२ साली ऑक्सफर्डला त्यांच्या नावाचे केंद्र निघाले, तर पुढच्याच वर्षी जगभरच्या अभ्यासकांची संघटना उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात त्या इंजेक्शनाच्या सात चाचण्यांच्या सात आडव्या रेघा आहेत आणि खाली त्यांची बेरीज दाखवणारा छोटा चौकट. मला त्या रेघांत ती बाळे दिसतात.