ॲलन ट्युरिंग : अँटीव्हायरसला प्रत्येक व्हायरस का ओळखता येत नाही?

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते, कधी ट्रॅफिक चलनाच्या नावाने येते, हे आता तुम्हाला नवीन नाही. ती इन्स्टॉल केली की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, भलत्याच माणसाकडे जायला लागतात. मी एका ऑफिसातले लॅपटॉप आणि फोन सांभाळतो. तिथे मला एक प्रश्न सारखा विचारला जातो : एवढं सिक्युरिटी सॉफ्टवेअर टाकलंय, मग फाइल बघूनच ती वाईट आहे हे त्याला कळत का नाही?

याचं मुळातलं उत्तर १९३६ साली मिळालं. देणाऱ्याने तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती, आणि आज ज्याला आपण कॉम्प्युटर म्हणतो तसं एकही यंत्र जगात नव्हतं. त्याचं नाव ॲलन ट्युरिंग. युद्धात जर्मनांचा कोड फोडणारा म्हणून बहुतेकांना तो माहीत असतो. मला मात्र तो रोज आठवतो तो अलाऊलिस्ट आणि ब्लॉकलिस्ट उघडल्यावर. कारण पुढे येईलच.

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनचा. पण घर अर्धं हिंदुस्थानातलं. वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. आई सारा हिचा तर जन्मच कोइम्बतूरजवळच्या पोदनूरचा, तिचे वडील मद्रासच्या रेल्वेत इंजिनिअर. हिंदुस्थानातली हवा मुलांना मानवणार नाही म्हणून ॲलन आणि त्याचा मोठा भाऊ जॉन यांना इंग्लंडमध्येच एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ठेवलं गेलं. आईवडील यायचे आणि परत बोटीत बसायचे. मुलगा एकलकोंडा झाला यात नवल नाही.

१९२६ मध्ये शेरबोर्न नावाच्या शाळेत जायचं ठरलं आणि नेमका देशभर संप. रेल्वे बंद. १३ वर्षांचा हा मुलगा साउथॅम्प्टनहून सायकलवर निघाला, वाटेत एक मुक्काम केला आणि सुमारे ९५ किलोमीटर कापून शाळेत हजर झाला. शाळेत ख्रिस्तोफर मॉर्कम नावाचा एक जिवलग मित्र मिळाला. दोघांना गणिताचं आणि आकाशातल्या ताऱ्यांचं वेड. १९३० मध्ये तो क्षयाने गेला. ट्युरिंगच्या आयुष्यातला हा मोठा घाव होता.

पुढे केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. तिथे त्याच्यासमोर डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने मांडलेला एक प्रश्न आला. गणितातलं कोणतंही विधान दिलं, तर ते सिद्ध होऊ शकतं की नाही हे पायरीपायरीने ठरवून देणारी एकच पक्की रीत असू शकते का? ट्युरिंगने आधी रीत म्हणजे नेमकं काय हेच पकडलं. त्याने कागदावर एक यंत्र कल्पिलं : चौकोन आखलेली लांबच लांब पट्टी, एका वेळी एक चौकोन वाचणारं डोकं, आणि कोणतं चिन्ह दिसलं की काय करायचं याचे मोजके नियम. मग त्याने आणखी एक यंत्र कल्पिलं, जे दुसऱ्या कुठल्याही यंत्राचे नियम पट्टीवरून वाचून तसंच वागेल. तुमच्या खिशातला फोन हे त्याचंच पोर. एकच फोन कधी कॅल्क्युलेटर होतो, कधी गेम, कधी बँक. कारण ॲप म्हणजे शेवटी पट्टीवर लिहिलेला मजकूर. आता हाच मजकूर कुणा चोराने लिहिला, तर फोन तोही तितक्याच इमानाने वाचतो! मालवेअरचं मूळ इथेच आहे.

त्याच पेपरमध्ये ट्युरिंगने दुसरी गोष्ट दाखवली, आणि ती जास्त बोचरी आहे. एखादं यंत्र पुढे कसं वागेल, हे त्याचे नियम नुसते वाचून दर वेळी अचूक सांगू शकेल असं यंत्र बनूच शकत नाही. पुढे याला हॉल्टिंग प्रॉब्लेम असं नाव पडलं. अमेरिकेत अलॉन्झो चर्च हाही वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचला होता. ट्युरिंग मग प्रिन्स्टनला त्याच्याच हाताखाली गेला आणि १९३८ मध्ये पीएचडी घेऊन परतला.

आता याचा व्हायरसशी संबंध काय? १९८४ मध्ये फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने ट्युरिंगचीच युक्ती व्हायरसला लावली. समजा, कुणीतरी दावा केला की माझा अँटीव्हायरस कधीच चुकत नाही. ठीक आहे. मी एक खोडकर प्रोग्राम लिहितो. तो चालू झाला की आधी त्या अँटीव्हायरसलाच विचारतो, मी व्हायरस आहे का? उत्तर हो आलं, तर तो गप्प बसतो, काहीच पसरवत नाही. नाही आलं, तर लगेच पसरायला लागतो. म्हणजे अँटीव्हायरस काहीही म्हणाला तरी चुकणारच. हे कंपनीच्या आळशीपणामुळे होत नाही, इंजिनिअर वाढवून सुटणारही नाही. बहुतेक व्हायरस पकडता येतात, रोज पकडले जातातही. सगळे पकडणारी रीत मात्र नाही.

म्हणून सिक्युरिटी सॉफ्टवेअरला याद्यांचा आधार घ्यावा लागतो. सोसायटीचे दोन वॉचमन डोळ्यासमोर आणा. एकाकडे चोरांचे फोटो आहेत, त्यातला कुणी दिसला तर अडवायचं, बाकी सगळे आत. ही ब्लॉकलिस्ट. दुसऱ्याकडे रहिवाशांचं रजिस्टर आहे, त्यात नाव असेल तरच आत. ही अलाऊलिस्ट. आयफोनवर बहुतेक ठिकाणी ॲप फक्त ॲप स्टोअरमधूनच घेता येतं, ते याच दुसऱ्या वॉचमनचं काम. अँड्रॉइडवर बाहेरचं ॲप टाकताना अनोळखी ॲपना परवानगी द्यायची का असं विचारलं जातं, तेव्हा रजिस्टर बाजूला ठेवून पाहुण्याला आत घ्यायचं का, हे तुम्ही ठरवत असता.

ब्लॉकलिस्टमध्ये फाइलची ओळख बहुतेक वेळा हॅशने ठेवतात. एसएचए-२५६ ही पद्धत कुठल्याही फाइलचा ६४ अक्षर-अंकांचा ठसा काढते. पण फाइलमध्ये एक बाइट बदलला की ठसा पूर्ण वेगळा येतो. चोराने नुसती टोपी बदलली तरी फोटो निरुपयोगी! म्हणून सोबत फाइलच्या वागण्यावरही नजर ठेवतात, आणि मग उलटी चूक होते, सज्जनालाच चोर ठरवण्याची. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर असंख्य कॉम्प्युटर बंद-चालू होत राहिले.

अलाऊलिस्ट जास्त भक्कम, पण सांभाळायला जास्त किचकट. हॅशने परवानगी दिली तर ॲपचं प्रत्येक अपडेट अडकतं. फोल्डरवर दिली, म्हणजे या फोल्डरमधलं काहीही चालू दे म्हटलं, आणि त्या फोल्डरमध्ये साध्या युजरला फाइल टाकता येत असेल, तर चोरही तिथेच फाइल टाकतो. डाउनलोड फोल्डरला अशी सूट देणं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली कुलपालाच ठेवणं. कंपनीच्या डिजिटल सहीवर परवानगी देणं मला सगळ्यात व्यवहार्य वाटतं, पण तिथेही धोका आहेच. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेटवर दोन खऱ्या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या होत्या. त्यातल्या त्यात शहाणपणाची रीत अशी की यादी आधी काही दिवस नुसती नोंद करण्याच्या मोडमध्ये चालवायची, काय काय अडलं असतं ते बघायचं, आणि मगच अडवणं सुरू करायचं. आणि दिलेल्या प्रत्येक सवलतीला मुदत घालायची. मार्चअखेरीला अकाउंट्सवाले घाईत एका टूलसाठी सवलत मागतात, ती मिळते, आणि मागणारा नोकरी सोडून गेला तरी सवलत यादीत तशीच राहते. अशा नोंदी मी दर तीन महिन्यांनी शोधून काढतो, आणि दर वेळी काही ना काही सापडतंच.

पुन्हा ट्युरिंगकडे येऊ. ४ सप्टेंबर १९३९ ला, ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो ब्लेचली पार्कमध्ये दाखल झाला. जर्मन लष्कराच्या एनिग्मा यंत्राच्या रोजच्या सेटिंगच्या शक्यता जवळपास १५९ वर १८ शून्यं इतक्या होत्या. पोलंडच्या गणितज्ञांनी आधीच मोठं काम करून ते ब्रिटिशांच्या हाती दिलं होतं. त्यावर ट्युरिंगने बॉम्ब नावाचं यंत्र रचलं, गॉर्डन वेल्चमनने त्यात मोठी सुधारणा केली. एनिग्मात एक खोट होती : कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी बाहेर पडत नसे. संदेशात हवामान असा शब्द असणार असा अंदाज बांधायचा, तो गुप्त मजकुराखाली सरकवत न्यायचा, आणि जिथे वरखाली तेच अक्षर आलं ती जागा बाद. उरलेल्या जागेवर यंत्र चाकांच्या रचना भराभर तपासायचं आणि जिथे विसंगती येईल ती रचना फेकून द्यायचं. शेवटी जिथे ते थांबे, ती रचना बरोबर आहे असं ते म्हणत नसे. ती बाद करता आली नाही, एवढंच सांगे. पुढची खात्री माणसं करत. तुमच्या फोनवर स्कॅननंतर धोका आढळला नाही अशी हिरवी पाटी येते ना, तिचाही अर्थ एवढाच असतो.

ब्लेचलीत हजारो लोक कामाला होते आणि बहुतेकांना शेजारच्या झोपडीत काय चालतं हेही ठाऊक नसे. कोणाला काय कळावं याच्या याद्या होत्या. ट्युरिंगचं नाव त्यातल्या अगदी आतल्या यादीत होतं. युद्धानंतरही राहिलं. त्याने १९४५ पासून राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसाठी एका कॉम्प्युटरचा आराखडा केला, १९४८ मध्ये तो मँचेस्टरला गेला, १९५० मध्ये यंत्र विचार करू शकतं का यावरचा प्रसिद्ध पेपर लिहिला. मधल्या काळात मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत धावला. आणि सरकारच्या गुप्तलेखन खात्याला तो सल्लाही देत होता.

जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. तक्रार द्यायला तोच पोलिसांकडे गेला. चौकशीत त्याचे एका तरुणाशी संबंध असल्याचं समोर आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. ब्रिटनमध्ये १८८५ च्या कायद्याने तो गुन्हा होता. आपल्याकडचं ३७७ कलमही ब्रिटिशांनीच १८६० मध्ये आणलेलं, सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं ते २०१८ मध्ये. ट्युरिंगसमोर तुरुंग किंवा वर्षभर हार्मोनची इंजेक्शनं असे दोन पर्याय होते. त्याने इंजेक्शनं घेतली. त्याच वेळी त्याची सुरक्षा मंजुरी गेली. ज्याच्या कामावर ती सगळी गुप्त व्यवस्था उभी होती, त्यालाच आत प्रवेश बंद. त्याने कुठलं गुपित फोडलं होतं असं नाही. यादी ठेवणाऱ्यांच्या नियमात समलिंगी माणूस म्हणजे धोका, एवढंच. मला राग येतो तो इथे. माणसाने काय केलं हे न बघता तो कोणत्या प्रकारचा आहे एवढंच बघून मारलेला हा शिक्का होता, आणि तो तपासून बघण्याची सोय त्या यादीत नव्हती.

७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. वय ४१. चौकशीत आत्महत्या असा निर्णय झाला. तो अपघातच होता असं आई शेवटपर्यंत मानत राहिली.

ब्लेचलीचं काम सत्तरच्या दशकापर्यंत गुप्त होतं, त्यामुळे त्याने युद्धात काय केलं हे लोकांना कळलं तेव्हा तो जाऊन वीसेक वर्षं झाली होती. २००९ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. २४ डिसेंबर २०१३ ला राणीकडून माफीनामा निघाला. २०१७ मध्ये तशाच गुन्ह्यांखाली शिक्षा झालेल्या आणि मरण पावलेल्या हजारो पुरुषांनाही माफी देणारा कायदा झाला. लोक त्याला ट्युरिंगचा कायदाच म्हणतात.

२३ जून २०२१ ला बँक ऑफ इंग्लंडने ५० पौंडांची नवी नोट काढली. तिच्यावर ट्युरिंगचा फोटो आहे, १९३६ च्या पेपरातला एक तक्ता आहे, आणि एका पट्टीवर त्याची जन्मतारीख आहे, शून्य आणि एकच्या भाषेत लिहिलेली.